कडूलिंबावरचं बिऱ्हाड

शेवटी आमी दोघांनी मिळून जे केलं ते काही मोठं काम नव्हतं. अंगणातल्या कडूलिंबावर बांधलेल्या झाडाला पाणी मारलं. एवढंच. ज्येष्ठातली संध्याकाळ होती, ऊन उतरून भिंतीवर गेलं होतं. मी आधी बाज उचलून लिंबाखाली आणली, मग गिरजाला, माझ्या बायकोला, उचलून बाजेवर आणलं. बाज जड लागली. ती न्हाई लागली.

तांब्या तिच्या हातात दिला. झाडाला पाणी मारायची तिची रीत न्यारी होती. तोंडात गुळणी भरायची अन् फुर्र करून मुळ्यांवर मारायची, आपण हिवाळ्यात तोंडातून वाफ सोडतो तसं बारीक. त्या दिवशी दम पुरला न्हाई. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. मी तिच्याच पदरानं पुसलं तर म्हणाली, "मला काय पुसता? तुमी मारा." मी मारलं. मला ते कधी जमलं न्हाई, माझं पाणी बदकन पडते. "बास. जास्त नको," ती म्हणाली. "त्याला न्हाऊ घालायचं न्हाई, तोंड धुवायचंय."

दांड्यावरची खालची दोन फुलं त्याच दुपारी उमलली होती. वरच्या कळ्या अजून मिटलेल्या. मी तिला पाठीखालून हात घालून उठवलं अन् तिचं नाक फुलापर्यंत नेलं. तिनं डोळे मिटून वास घेतला. लई वेळ घेतला.

"आज न्हाई," म्हणाली. "उमलल्याबराबर वास येत न्हाई याला. परवा सकाळी येईल."

"परवा पाहू," मी म्हणलं.

"चहा टाका मंग. अन् साखर कमी घाला, कालचा पाक होता."

मी चहा टाकला. साखर पुन्हा जास्त झाली.

यंदा पुन्हा ज्येष्ठ लागला हाय. सकाळी ऊन भिंतीवरून अंगणात उतरते तेव्हा वास सुटते. गोड, पण गुलाबासारखा अंगावर येणारा न्हाई. पिकल्या द्राक्षाचा घड कोणी बाजूच्या खोलीत ठेवला असावा, तसा. वास आला की मी काठी घेतो अन् वावरात जातो. वावरात काही काम नसते. धुऱ्यावर, बांधावर, बसतो अन् ऊन तापलं, वास विरला की घरी येतो. लेक आली की लोकांना सांगते, "बापूला त्या वासाचा तरास होते, डोकं दुखते त्यांचं." मी बी तसंच म्हणतो. डोकं दुखते म्हणलं की लोक पुढचं विचारत न्हाईत.

या झाडाला पुस्तकात आमरी म्हणतात असं जावयानं सांगितलं. शहरातले ऑर्किड म्हणतात. मागं हिंगोलीत एका लग्नाला गेलो होतो तर स्टेजवर सगळीकडं जांभळी फुलं लावलेली. जावई म्हणाला, "बापू, हे पाहा, मामींच्या झाडाचे भाऊबंद. विमानानं येतात, परदेशाच्या जंगलातले." मी स्टेजवर चढलो. नवरदेवाला वाटलं आहेर द्यायला आलो. मी त्याच्या डोक्यावरच्या फुलात नाक घातलं. काहीच न्हाई. रबराला वास असते, त्याला तेवढा बी नव्हता. खाली आलो तर जावई हसून राहिला. मी म्हणलं, "भाऊबंद असतील, पण यांचं येणंजाणं तुटलेलं दिसते."

आमचं झाड दिसायला काही देखणं न्हाई. पानं जाड, मधी दुमडलेली, टोकाला कोणी दातानं कुरतडल्यासारखी. फूल पिवळट, त्याच्यावर तपकिरी चौकड्या, जुन्या घोंगडीवर असतात तशा. मधी निळी-जांभळी जीभ. अन् मुळ्या उघड्या, करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्या, सालीला चिकटलेल्या न्हाईतर हवेत लोंबलेल्या. पाणी लागलं की त्या पांढऱ्या मुळ्या डोळ्यादेखत हिरव्या होतात. वाळल्या की पुन्हा पांढऱ्या. मी जन्मभर मुळी जमिनीखाली पाहिली. कापूस उपटा, तूर उपटा, मुळी अंधारातली चीज. ही अशी मुळी उघडी टाकून बसलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाच लाजल्यासारखं झालं.

गिरजाचं माहेर किनवटकडचं, सागवान अन् मोहाच्या रानातलं. आमचं गाव जवळा बाजारच्या अंगाचं, सगळी काळी जमीन, झाड म्हणजे धुऱ्यावर असलं तर असलं. लग्न होऊन आली तेव्हा तिला पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर हे उघडं आभाळ. "तुमच्याकडं डोळ्याला टेकायला काहीच न्हाई," म्हणायची.

हे झाड तिनं आणलं ते शोभा, आमची लेक, शाळेत जायला लागली होती तेव्हा. माहेरी मोहाचं एक जुनं झाड पाडलं, त्याच्यावरचे दोन वेल तिनं सालीसकट काढून ओल्या पोत्यात गुंडाळले. मी तिला घ्यायला वारंगा फाट्यावर गेलो होतो. बस आली तर बाई मांडीवर पोतं घेऊन बसलेली, त्यातून मुळ्या बाहेर लोंबून राहिलेल्या. कंडक्टर दारातून ओरडला, "मामा, हे तुमचंच सामान का? सारा रस्ता मला वाटलं मावशीनं पोत्यात अजगर घातला."

"अजगरच हाय," गिरजा उतरता उतरता म्हणाली. "यांच्यासाठी आणला."

घरी आल्यावर एक वेल मी माझ्या हातानं लावला. शेतकऱ्याच्या हाती झाड आलं की तो काय करतो? खड्डा केला. चांगलं कुजलेलं शेणखत टाकलं, काळी माती टाकली, वेल गळ्यापर्यंत पुरला, अन् वरून हंडाभर पाणी. रोज पाणी. माझा जीवच ओतला म्हणा. गिरजा दारात उभी राहून पाहत होती. पोटाला हात लावून हसून राहिली होती, पण थांबवलं न्हाई. पंधरवड्यात पानं पिवळी पडली, मग काळी, मग हात लावला तर लिबलिबीत. उपटलं तर खालून सडका वास.

"आता कळलं?" ती म्हणाली. "याला माती चालत न्हाई. खत चालत न्हाई. रोज पाणी चालत न्हाई. याला हवा पाहिजे, सावलीतलं ऊन पाहिजे, अन् धरायला साल पाहिजे. बाकी आपण काही करायचं न्हाई."

"काही करायचं न्हाई म्हणजे?"

"न्हाईच करायचं. तेच तुमाला जमत न्हाई."

दुसरा वेल तिनं स्वतः धुऱ्यावरच्या आंब्याला बांधला. जुन्या लुगड्याची पट्टी काढून, सैल. मी मदतीला गेलो अन् गाठ मारली तर म्हणाली, "बैल बांधून राहिले का? श्वास घेऊ द्या त्याला." माझी गाठ सोडून तिनं पुन्हा बांधली. पुढं पावसाळ्यात मुळ्यांनी आंब्याची साल धरली. लुगडं सडून गळून पडलं तेव्हा त्याची गरजच राहिली नव्हती.

शेजारचा सखाराम तर तिच्या मागंच लागला होता. त्याचं वावर आमच्या धुऱ्याला लागून. येता-जाता म्हणायचा, "वहिनी, ते बांडगूळ काढून फेका, आंबा वाळवील. फुकट खाऊन माजून राहिलं."

"भाऊजी, बांडगुळाची मुळी झाडाच्या आत जाते. हिची बाहेर हाय, येऊन पाहा. ही बसते नुसती, खात न्हाई. बांडगूळ न्हाई, बिऱ्हाडकरू हाय."

"भाडं काय देते मंग?"

"वास देते. तुमाला येणार न्हाई, तुमी तंबाखू खाता."

सखाराम तंबाखू मळत आपल्या वावरात गेला. तो गेल्यावर ती माझ्याकडं पाहून हळूच म्हणाली, "मी बी अशीच आले तुमच्या घरी. मुळ्या उघड्या घेऊन." मी म्हणलं, "खड्ड्यात पुरायचं राहून गेलं." ती हसली. तेव्हा असं बोलायला काही वाटत नव्हतं.

तिचा भाऊ महादू रानात रोपवनाच्या कामावर जायचा. तो आला की दोघं बहीण-भाऊ या झाडांवर बोलत बसायचे, जसे दुसरे लोक नातेवाइकांवर बोलतात. महादू सांगायचा, एक जात मोहावर असते, तिचा तुरा वेणीसारखा खाली लोंबते, पोरी केसात घालतात. एक जात जमिनीतली. उन्हाळाभर नुसता कांदा होऊन मातीत झोपते, वर काही खूण न्हाई, गाय बसली तरी कळत न्हाई. आषाढात एकदम दांडा काढते, पांढरी फुलं दाखवते अन् पोळ्याच्या पुढंमागं पुन्हा गुडूप. मी विचारलं, "अन् आमच्या आंब्यावरची?" "ती झोपत न्हाई दाजी," महादू म्हणाला. "ती सोसते. उन्हाळ्यात सगळं रान करपते तरी जाड पानात पाणी धरून बसते. मोहाला बसेल, आंब्याला बसेल, बाभळीला बसेल. पण एकदा बसली की हलवायची न्हाई. हलवली की रुसते. दोन-दोन पावसाळे दांडा काढत न्हाई." तिची शेंग फुटली की पिठासारखी धूळ उडते म्हणे. ते बी असते. वाऱ्यावर कुठल्या कुठं जाते, अन् एखादंच कुठं सालीच्या भेगेत जीव धरते. बाकीचं वाऱ्यावारी.

गिरजा म्हणायची, "बघा, आमच्याकडं असं असते."

मग एका वैशाखात वादळ आलं अन् आंबा मुळासकट पडला. सकाळी आमी दोघं गेलो तर कैऱ्यांचा सडा, अन् फांद्यांच्या ढिगात ते झाड उलटं लोंबलेलं. गिरजा आंब्यासाठी रडली न्हाई. विळा घेऊन बसली अन् एकेक मुळी सालीसकट सोडवत राहिली, दुपार होईपर्यंत. मी कुऱ्हाड घेऊन उभा. म्हणलं, "मी तोडू का?" म्हणाली, "तुमी पाणी आणा मला प्यायला."

ते झाड मग अंगणातल्या लिंबावर आणलं. मी शिडी लावून वर जाऊन राहिलो होतो, तर म्हणाली, "खाली बांधा. त्या आडव्या फांदीला. मी आता शिडी चढणार न्हाई, मला खालून हुंगता आलं पाहिजे." तेव्हा मला कळलं न्हाई ती असं काहून बोलली. तिला बहुतेक तेव्हाच पोटात काही कळत होतं.

दिवाळीच्या पुढं ती जेवेनाशी झाली. नांदेडला दाखवलं. पोटात गाठ, अन् ती पसरलेली. डॉक्टर भला माणूस होता, तोंडावर खोटं बोलला न्हाई. म्हणाला, "घरी घेऊन जा. खावंसं वाटेल ते द्या. दुखलं तर ही गोळी." मी विचारलं, "मी काय करू?" तो म्हणाला, "बाबा, आता काही करायचं नाही." मी पुन्हा विचारलं, "काहीच न्हाई?" त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं. माझे हात टेबलावर होते, मोठे, भेगा पडलेले. मी ते खाली घेतले.

बसमध्ये ती खिडकीला होती. "काय म्हणाला?" विचारलं.

"म्हणाला, काही करायचं न्हाई."

"मंग बराबर," म्हणाली. "आता तुमची खरी परीक्षा हाय."

खरंच होती. उन्हाळाभर मी घरात अन् अंगणात फिरत राहिलो, हाताला काम नसलेल्या माणसासारखा. पीक वाळत असलं तर पाणी देता येते. कीड लागली तर फवारा मारता येते. काहीच न्हाई तर वखर तरी धरता येते, काही केल्यासारखं वाटते. इथं एक बाजेवर पडलेली, एक लिंबावर बांधलेलं, अन् दोघांना बी माझ्या हातांचा उपयोग न्हाई. मी तिला सारखं विचारायचो, पाणी देऊ का, पाय दाबू का, कूस बदलू का. शोभा माहेरी येऊन राहिली होती, ती एकदा चिडली. "बापू, मायला जरा पडू द्या की. किती ढवळता?" गिरजा डोळे मिटून म्हणाली, "करू दे त्यांना. खड्डा करून राहिले ते."

तिला एकच पाहिजे होतं, अन् ते ती फार जोर न देता बोलायची. "यंदा दांडा काढला तर वास घेऊन जाईन." महादू भेटायला आला तेव्हा मी त्याला अंगणात धरलं. "रुसली असेल का रे? हलवून एकच पावसाळा झाला." तो म्हणाला, "दाजी, माझ्या हातात असतं तर..." अन् रुमाल काढला. मी त्याला म्हणलं, "रडायला आला का? झाडाचं बोल." पण झाडाचं त्याला बी काही सांगता येईना.

मी त्या झाडाला शिव्या बी दिल्या. गिरजा झोपली की लिंबाखाली जायचो अन् म्हणायचो, वीस ठिकाणी मुळ्या फुटल्या तुला, दोन दाणे फुलं काढायला काय होते? एकदा खताची मूठ घेऊन गेलो होतो. फांदीपर्यंत हात नेला अन् तिचं हसणं आठवलं, पोटाला हात लावून. मूठ तशीच उकिरड्यावर टाकली. जन्मात पहिल्यांदा मी खत घेऊन गेलो अन् न टाकता परत आलो.

वैशाखाच्या शेवटी पानाच्या बेचक्यातून एक हिरवं टोक निघालं. मला वाटलं मुळी असेल. मुळी खाली वळते, हे वर वळलं. मी आत येऊन सांगितलं तर गिरजा म्हणाली, "माहीत हाय. तुमच्या आधी पाहिलं मी. बाजेवरून दिसते." मग रोज तेच. टोकाचा दांडा झाला, दांड्यावर दाणे धरले, दाण्याच्या कळ्या झाल्या. ती उतरून राहिली होती अन् तो दांडा चढून राहिला होता. दोघांच्या मधी मी, कोणाला थांब म्हणू अन् कोणाला चल म्हणू.

अन् मग ती संध्याकाळ, जी वर सांगितली. दोन फुलं उमलली, वास नव्हता. परवा येईल, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी बाजेजवळ बसून पंख्यानं वारा घालून राहिलो होतो. ती गेल्यावर बी घालत राहिलो. शोभानं माझा हात धरला तेव्हा थांबलो.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. मसनवट्यातून परत आलो तर आमच्यात रीत हाय, दारात कडूलिंबाचा पाला ठेवलेला असते. आलेल्या माणसानं दोन पानं चावायची, थुंकायची, हात-पाय धुवायचे अन् मग घरी जायचं. पाला कोणी तोडून ठेवला होता, बहुतेक सखारामच्या घरच्यांनी. तोडणाऱ्याचं काही चुकलं न्हाई. मौतीचं घर, माणसं यायची वेळ झालेली, लिंब अंगणातच. त्यानं हाताला येणारी आडवी फांदी ओढली अन् विळ्यानं तोडली. लोक पाला चावून गेले. मी बी दोन पानं चावली. कडू लागली. कोणत्या फांदीची ते पाहिलं न्हाई.

सकाळी उठलो. रडून रडून सगळे झोपलेले. घरात ती जिथं गेली तिथं पिठावर दिवा ठेवलेला, तो जळत होता. मी अंगणात आलो अन् वास आला.

मी आधी वर पाहिलं. लिंबाची आडवी फांदी नव्हती, तुटक्या जागी पांढरं दिसून राहिलं होतं. मग खाली पाहिलं. चावून थुंकलेल्या पाल्यात, माणसांच्या पायांखाली गेलेल्या डहाळ्यांत ते झाड पडलं होतं. लुगड्याची पट्टी अजून अंगाला होती. अर्ध्या मुळ्या चेंगरलेल्या, दांडा मोडून बाजूला. वरच्या कळ्या मातीत गेल्या होत्या. खालची दोन फुलं राहिली होती, अन् वास त्यांचाच होता. तिनं सांगितला तसा. परवा सकाळी.

मी दांडा उचलला अन् तिथंच उभा राहिलो. देवाला वाहायचा तर सुतक. शोभाच्या केसात घालायचा तर मायचं सुतक. मसनात न्यायचा तर राख अजून गरम. एवढा मोठा माणूस मी, अन् हातात एक फूल घेऊन कुठं ठेवावं ते कळेना. मग आत गेलो अन् दिव्याजवळ, पिठाच्या कडेला ठेवला. माझ्या बहिणीला जाग आली. "दादा, सुतकात फूल न्हाई ठेवत," ती म्हणाली.

"देवाचं न्हाई हे," मी म्हणलं. "तिचं सामान राहिलं होतं इथं."

बाहेर येऊन झाड उचललं. चेंगरलेल्या मुळ्या तोडल्या न्हाईत, तशाच ठेवल्या. दोरीवर तिचं लुगडं वाळत होतं, आदल्या दिवसाचं, कोणी काढलं नव्हतं. त्याची एक पट्टी फाडली. लिंबाच्या बुंध्याला, माझ्या छातीएवढ्या उंचीवर झाड टेकवलं अन् बांधलं. गाठ मारली अन् पाहिलं, बैलाची झाली होती. सोडली. पुन्हा बांधली. पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा ती आपोआप सैल बसली.

तांब्या भरून आणला. तोंडात गुळणी घेतली, फुर्र करायला गेलो. पाणी बाहेर येईना. तसंच गिळलं. कालपासून पोटात गेलेला तो पहिला घोट.

मग दुसरी गुळणी भरली. मुळ्यांवर मारली. बदकन पडलं, पण जिथं पडलं तिथं पांढरी मुळी हिरवी झाली.

तांब्यात पाणी बरंच उरलं होतं. बास म्हणलं, अन् तांब्या खाली ठेवला.